उस्तादाच्या डोळ्यातला दुसरा डोळा

"निघाला! निघाला!" अशी आरोळी उठली तेव्हा मी कुंपणाबाहेर उभी होते आणि आत शिरायला वाट नव्हती. बंधू आब्दियासने भाड्याने घेतलेल्या त्या अंगणात जवळजवळ अख्खं सेनिसास गाव लोटलं होतं. आंब्याच्या फांद्यांवर पोरं लटकली होती, बायकांनी तान्ही मुलं खांद्यावर घेतली होती. मधोमध पांढऱ्या सदऱ्यातला आब्दियास हात उंच धरून उभा होता. त्याच्या चिमटीत कापसाची वात होती आणि वातीच्या टोकावर एक डोळा होता.

खरोखरच तो डोळ्यासारखा दिसत होता. मसुराच्या दाण्याएवढा, मधोमध काळं बुबुळ, भोवती पारदर्शक, थरथरणारा गर. नुकताच तो एका म्हातारीच्या पापणीखालून निघाला होता.

"बघा! तुमच्या डोळ्यात दुसऱ्याचा डोळा!" आब्दियास गरजला. "कुणीतरी जळून बघितलं, बघणाऱ्याचा डोळा आत राहिला! डॉक्टर तुम्हाला चाकू लावतो, बंधू आब्दियास तुम्हाला गाणं लावतो!" एवढं बोलून त्याने तो डोळा धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर टाकला. चट् असा आवाज झाला. "ऐकलंत? किंचाळला!"

"आई गं!" सगळं अंगण एका सुरात म्हणालं.

त्याची पद्धत ठरलेली होती. रोग्याला खुर्चीवर बसवायचं आणि विचारायचं, "अंधुक दिसतं? खाजतं? पाणी येतं? कुणी तुमच्याकडे वाकड्या नजरेनं बघितलंय?" आमचं गाव मासायाच्या ज्वालामुखीच्या कुशीत आहे. पुढे तळ्यात उतरणारा कडा, मागे धुरकटणारं विवर. वारा फिरला की तो आंबट धूर घराघरात शिरतो आणि दारं लावूनही सुटका होत नाही. अशा गावात डोळे न खाजणारा माणूस आब्दियासला शोधूनही सापडला नसता, आणि कुणाच्याच वाकड्या नजरेत न आलेला माणूस तर कुठल्याच गावात नसतो. मग तो वाडग्यातल्या पाण्यात बोट बुडवून खालच्या पापणीच्या आत फिरवायचा, डोळा मिटून घ्यायला लावायचा आणि एक लांबलचक स्तोत्र सुरू करायचा. कडवी संपता संपत नसत. अर्ध्यावर रोगीच ओरडायचा, "चालतंय! आत काहीतरी चालतंय!" स्तोत्र संपलं की कापसाची वात, आणि वातीवर डोळा.

त्या रविवारी खुर्चीवर पुढे कोण बसतंय ते दिसलं आणि मी गर्दी ढकलत आत घुसले. ते मकारियो न्युरिंदा होते, आमच्या भागातले मारिंबाचे उस्ताद, माझे शेजारी. त्यांची मुलगी येल्बा त्यांचा दंड धरून उभी होती. येल्बा माझ्यापेक्षा लहान असली तरी चाळिशी ओलांडलेली. तिची सात वर्षांची ओडिली आईच्या घागऱ्यामागे लपली होती.

उस्ताद तिथे का आले होते हे मला ठाऊक होतं. आमची मारिंबा एकट्याने वाजवायची असते. वादक एका लाकडी कड्याच्या आत बसतो, कड्याची दोन्ही टोकं वाद्याला जोडलेली असतात आणि समोर डावीकडून उजवीकडे काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांची रांग असते. एकदा आत बसलं की गाणं संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही. गेली दोन वर्षं उस्तादांचा हात टोकाच्या पट्ट्यांवर चुकत होता. उंच सूर यायचा त्या जागी काठी चौकटीवर आपटायची, टक्. गिटारवाला मान वळवायचा, नाचणाऱ्या बायका पाऊल चुकायच्या. सान हेरोनिमो या संताच्या उत्सवात तर भर चौकात हे घडलं होतं.

"उस्ताद," आब्दियास मऊ आवाजात म्हणाला, "तुमच्या थोरल्या भावाचेही डोळे गेले होते ना?"

"बेनान्सियोचे. हो. दारात बसून बसून गेला तो."

"घराण्यावर नजर आहे! आणि तुमच्याइतकीच चांगली मारिंबा वाजवणारा गावात दुसरा कोण?"

गर्दीच ओरडली, "तेओदोसियो!" तेओदोसियो म्हणजे उस्तादांचे कोंपाद्रे. दोघांनी एकमेकांच्या मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं. पण या रविवारपासून उस्तादांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

बोट फिरलं, स्तोत्र झालं, डोळा निघाला. मग आब्दियासने खिशातून वर्तमानपत्र काढलं. "वाचा!"

उस्तादांनी कागद नाकाजवळ धरला आणि बारीक टाइपातली बेसबॉलची बातमी घडाघडा वाचली. आपला संघ पुन्हा हरल्याची ती बातमी होती, तरी अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. उस्तादांना ती बातमी आदल्या दिवशीही तितकीच स्पष्ट वाचता आली असती. त्यांना जवळचं लहानपणापासून चोख दिसायचं. पण खुर्चीवर बसण्याआधी त्यांच्या हातात कुणी कागद दिलाच नव्हता.

मग आब्दियासने खरा फास टाकला. "आता तुमचा डोळा डॉक्टरच्या काचेखाली धरायचा नाही. धरलात तर मी काढलेला डोळा परत येईल. तुमच्यात जागा नाही मिळाली, तर घरातल्या सगळ्यांत लहान डोळ्यात शिरेल."

सगळ्यांच्या नजरा घागऱ्यामागच्या ओडिलीकडे वळल्या.

पुढचे काही महिने मी ते घर हळूहळू आवळत जाताना पाहिलं. उस्तादांच्या खांद्यांवर काळेनिळे डाग दिसू लागले, आणि ते सगळे बाजूला. दाराच्या चौकटीला ते खांदा आपटायचे. टेबलावरचा कप हाताने उडवायचे, कारण तो कडेला ठेवलेला असायचा. मी कुंपणाकडून हाक मारली की दचकून म्हणायचे, "बाई, तुम्ही भुतासारख्या कुठून उगवता?" तळ्याच्या पायवाटेवर उतरणं त्यांनी सोडलं, मग बाजार सोडला. शेवटी कडं आणि खुर्ची एवढंच उरलं. तिथे बसून ते मधल्या पट्ट्यांवरच्या जुन्या चाली वाजवत. त्या चाली कधी टोकाला जात नसत.

"उस्ताद, शनिवारी शाळेत डोळ्यांची डॉक्टर येते आहे," मी म्हटलं. मी आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि ही तपासणी दर वर्षी होते. "फक्त बघेल. दुखत नाही."

"मला दिसतं, बाई. वाचून दाखवू?"

"वाचायला मधला भाग पुरतो. कडेचं काय?"

"कडेचं बघायला मी काय कोंबडी आहे?" ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण त्या पोरीचे डोळे मी पणाला लावणार नाही. तुम्ही म्हणाल खोटं आहे. समजा, शंभरातला एक भाग खरं निघालं तर? तुम्ही भरून द्याल?"

फसव्या माणसाने त्यांच्या भित्रेपणाला धरलं नव्हतं, मायेला धरलं होतं. ती गाठ वाद घालून सुटत नाही.

ओडिलीची अवस्था त्याहून वाईट होती. माझ्या वर्गासमोरून जाताना ती डोळे बारीक करून, जवळजवळ मिटून चालायची. तिच्या बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मोठे उघडले तर तो आत येईल." झोपताना ती डोळ्यांवर आईचा रुमाल घट्ट बांधून घेत असे. हे येल्बाने मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःच रडली. "मीच नेलं बाबांना तिथे, बाई. आता मागे कसं फिरू?"

फिरवलं ते ओडिलीनेच.

तिच्या आईचा वाढदिवस होता. येल्बाने केळीच्या पानात मक्याच्या पिठाचे नाकातमाल उकडले होते आणि मोठ्या काचेच्या भांड्यात चिंचेचं सरबत केलं होतं. आमच्याकडे त्यात चियाचं बी भिजवतात. दुपारच्या उन्हात मी, उस्ताद आणि येल्बा ओसरीवर बसलो होतो. येल्बाने ओडिलीच्या हातात ग्लास दिला. पोरीने तो डोळे किलकिले करून उजेडात धरला आणि अशी किंचाळली की ग्लास फरशीवर फुटला.

"आई, यात डोळे आहेत! किती डोळे!"

येल्बा हसली. "अगं वेडे, चिया आहे तो. रोज पितेस की..."

आणि ती मधेच थांबली.

उस्तादांनी खाली वाकून फरशीवरचा एक दाणा बोटावर उचलला आणि नाकाजवळ नेला. मधोमध काळं, भोवती पारदर्शक, थरथरणारा गर.

"माझी आजी," ते हळू म्हणाले, "मका झोडपताना डोळ्यात कुसळ गेलं की पापणीखाली चियाचं एक कोरडं बी ठेवायची. ते फुगायचं आणि कुसळ घेऊन बाहेर यायचं. मी विसरूनच गेलो होतो."

"तुम्ही का, सगळं गाव विसरलंय," मी म्हटलं. "ग्लासात हजार तरंगतात तेव्हा सरबत, पापणीतून एक निघाला की करणी."

"पण बाई, आत चालत होतं ते?"

मी आत जाऊन डब्यातलं कोरडं बी आणलं. ओलं बोट त्यावर टेकवलं. एक करडा ठिपका चिकटला, शेजारी बसलेल्यालाही न दिसणारा. तो मी माझ्या खालच्या पापणीत सोडला. "म्हणा स्तोत्र, उस्ताद. सगळी कडवी."

एकदा ऐकलेलं गाणं उस्ताद विसरतील असं होत नाही. त्यांनी मांडीवर ठेका धरला आणि स्तोत्र सुरू केलं. पहिल्या कडव्याला काही कळलं नाही. पुढे पुढे पापणीखाली गार, गुळगुळीत काहीतरी सरकू लागलं.

"चालतंय?" उस्तादांनी विचारलं.

"चालतंय."

"मलाही अस्संच चाललं होतं!"

स्तोत्र संपलं. येल्बाने कापसाची वात माझ्या पापणीला लावली आणि दुसऱ्याचा डोळा बाहेर आला. ओडिलीने तो हातात घेतला, हुंगला, मग आजोबांकडे बघून विचारलं, "आबा, हा कुणाकडे जाणार आता?"

"कुठे जाणार? बी आहे ते. पेरलं तर उगवेल." उस्तादांनी पोरीला जवळ ओढलं, आणि मग वर न बघताच म्हणाले, "बाई, त्या डॉक्टरणीला बोलवा."

डॉक्टर आर्लेन काल्देरा आल्या त्या मला रागावतच. "डोळ्यात बी घालायची अक्कल तुम्हाला कुणी दिली? विज्ञान शिकवता ना? बुबुळाला ओरखडा पडला असता म्हणजे? पुन्हा असं करायचं नाही." मी मान खाली घातली. मग त्यांची नजर मारिंबाकडे गेली. "उस्ताद, बसा तुमच्या कड्यात."

आधी त्यांनी ओडिलीला बसवलं. "मधल्या पट्टीकडे बघ. मान हलवायची नाही. मी टोकाकडून पांढरा मक्याचा दाणा सरकवत आणणार. दिसला की मधली पट्टी वाजव." दाणा टोकाच्या पट्टीवर ठेवला न ठेवला तोच पोरीने दणकन काठी मारली. उजवीकडून तसंच.

मग उस्ताद आत बसले. डॉक्टरांनी त्यांचा डावा डोळा तळव्याने झाकला. दाणा डाव्या टोकावर ठेवला. सूर वाजला नाही. तो एक पट्टी पुढे सरकला, आणखी एक, आणखी एक. उस्ताद मधल्या पट्टीकडे टक लावून, काठी उचलून, वाट बघत होते. दाणा सुरू झालाय हे त्यांना माहीतच नव्हतं. तो जवळजवळ अर्धी रांग सरकून मधल्या पट्टीला टेकायला आला, तेव्हा सूर वाजला.

"आत्ता आणलात ना?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी दाणा उचलून उजव्या टोकावर ठेवला. उजवीकडून तेच. दुसऱ्या डोळ्याचंही तेच. अख्ख्या मारिंबातल्या मधल्या मूठभर पट्ट्या तेवढ्या त्यांच्या उरल्या होत्या. बाकीच्या असून नव्हत्या.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाल्या. "दवाखान्यात दाब मोजून, डोळ्याची नस बघून खात्री करू, पण मला शंका नाही. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक चाळणीतून बाहेर जातं. चाळणी तुंबली की आतला दाब वाढतो आणि मागची नस कडेकडून सुकत येते. मधली नजर शेवटपर्यंत राहते, म्हणून वाचता येतं."

"दुखलं असतं तर कळलं असतं हो," उस्ताद म्हणाले.

"दुखत नाही, म्हणूनच तो इतका आत येतो. काळोखही दिसत नाही. एका डोळ्याचं दुसरा भरून काढतो, मेंदू उरलेली भोकं बुजवतो. माणसाला वाटतं, आपल्याला सगळं दिसतंय."

"आता गेलेलं परत येईल?"

"नाही. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता आणि नजर परत आली असती. हे परत येत नाही. रोज थेंब घातले, वेळेवर दाब तपासला, तर उरलेलं बहुतेक राखता येईल."

उस्ताद कड्यात बसून राहिले. दोन्ही हात कड्यावर टेकले होते. "म्हणजे ह्या महिन्यांत, तो आब्दियास डोळे काढत होता तेव्हा..."

"नस सुकत होती," डॉक्टर म्हणाल्या. "घराण्यात चालतं, हे त्याचं तेवढं खरं होतं. तुमच्या भावालाही बहुधा हेच झालं असणार. येल्बा, आता तुम्ही बसा."

पुढच्या रविवारी आब्दियासचं अंगण नेहमीसारखंच भरलं होतं. उस्ताद येल्बाच्या खांद्यावर हात ठेवून आत शिरले. दुसऱ्या हातात चिया घातलेल्या चिंचेच्या सरबताचा ग्लास होता.

"बंधू, गाऊन गाऊन घसा सुकला असेल. घ्या. पण पिण्याआधी एवढं सांगा, यातला माझ्या डोळ्यातून निघालेला कुठला?"

काही जण हसले. मग पुढच्या रांगेतली एक बाई ग्लासात डोकावली आणि हसायची थांबली.

"ही श्रद्धेची थट्टा आहे!" आब्दियास ओरडला.

"थट्टा नको, काढूनच दाखवा. कोंपाद्रे!" उस्तादांनी गर्दीकडे मान वळवली. "तेओदोसियो, आहेस ना? बस खुर्चीवर."

"इतके महिने तोंड फिरवलंस आणि आज एकदम बस म्हणतोस?" तेओदोसियो कुरकुरले. "माझे डोळे ठणठणीत आहेत."

"माझेही होते. बस रे, भांडण घरी जाऊन करू."

तेओदोसियो बसले. मी बादली पुढे सरकवली. "बंधू, आज वाडग्यातलं पाणी राहू द्या. सगळ्यांसमोर या बादलीत बोटं धुवा, माझ्या टॉवेलला कोरडी पुसा, नखांसकट. मग आशीर्वाद द्या."

आब्दियास म्हणाला, अशाने शक्ती निघून जाते. कुणीतरी झाडावरून ओरडलं, "शक्ती काय नखात असते का?" शेवटी त्याला हात धुवावेच लागले. बोट फिरलं. स्तोत्र आम्ही सगळ्यांनी म्हटलं, ठेका उस्तादांनी धरला. एकही कडवं गाळलं नाही.

"चालतंय का काही?" उस्तादांनी विचारलं.

"काही नाही," तेओदोसियो म्हणाले. "पायाला मात्र मुंग्या आल्यात."

कापसाची वात कोरडीच निघाली. सोमवारी पहाटेच्या बसने बंधू आब्दियास गेला. सगळ्यांचे डोळे त्या दिवशी उघडले असं मी लिहिणार नाही. आजही आमच्या गावात काहीजण म्हणतात, बाईंनी त्याची शक्ती बादलीत धुऊन टाकली.

उस्तादांच्या टोकाच्या पट्ट्या परत आल्या नाहीत. ते आता मान वळवून वाजवतात. डावीकडचा सूर हवा की डावीकडे बघतात, उजवीकडचा हवा की उजवीकडे, आणि चाल थोडी संथ ठेवतात. येल्बाच्याही डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला, पण तिची नस अजून शाबूत आहे. ती रोज वडिलांबरोबर थेंब घालते. तिला काहीही त्रास होत नव्हता. तपासलं म्हणून कळलं, एवढंच.

वाचकहो, वाचता येतं म्हणून डोळे चांगले आहेत असं धरून चालू नका. चाळिशी उलटली असेल, घरात कुणाची नजर अशी गेली असेल, साखरेचा आजार असेल, तर काही होत नसतानाच डोळे तपासून घ्या, आणि दर वर्षी घेत राहा. दाब मोजायला आणि नस बघायला फार वेळ लागत नाही.

गेल्या तपासणीच्या शनिवारी उस्तादांनी मारिंबा शाळेच्या फाटकात आणून मांडली आणि कड्यात बसले. सुरांनी लोक जमले. रांगेत पहिली ओडिली होती, डोळे टक्क उघडे ठेवून, पापणीसुद्धा न लववता. कुणी बाहेरूनच हात हलवून "मला काय, सगळं दिसतं," असं म्हणून पुढे निघालं, की उस्ताद काठी थांबवत, मान पूर्ण वळवून त्याला शोधत, आणि म्हणत, "मलाही दिसत होतं."